लग्नाच्या व्हिडीओतून कापलेली मुलगी

लग्न धर्मेंद्रनंच शूट करावं, असं अमरावतीत लोक म्हणत. बावीस वर्षांत त्यानं हजारभर लग्नं टिपली. कोणाला पुढे घ्यायचं आणि कोणाला फ्रेमबाहेर ठेवायचं, हे त्याला बरोबर कळायचं. कुबड्यांवरची मावशी, व्हीलचेअरमधला काका त्याच्या व्हिडीओत सहसा दिसत नसत. काही घरचे तसं कानात सांगायचे. पुढेपुढे कोणी सांगायची गरजही उरली नाही.

एका संस्थेनं त्याला अपंग मुलामुलींना स्वतःच्या जगण्यावर लघुपट करायला शिकवायचं काम दिलं, तेव्हा त्याला ते पुण्यकर्म वाटलं. संस्थेच्या प्राजक्तामॅडमनी एकच अट घातली. "कॅमेरा तुमचा, फिल्म त्यांची. काय ठेवायचं, काय कापायचं, ते त्यांनीच ठरवायचं."

आठ जणांत तेल्हाऱ्याची प्रियदर्शनी होती. वय सव्वीस. जन्मापासून हातपाय ताठर, वॉकर धरून चालायची. बोलणं सावकाश, शब्द ओढून आणल्यासारखं. डोकं मात्र तल्लख. तिसऱ्या दिवशी तिनं पेनड्राइव्ह पुढे केला.

"ताईचं लग्न आहे यात. तीन तासांचा व्हिडीओ. मी त्यात कुठंच नाही. माही फिल्म त्याच्यावरच."

लॅपटॉपवर पांढऱ्या साडीतली नवरी, प्रियदर्शनीची ताई पौर्णिमा आली आणि तिच्या नावाची सोनेरी वळणदार अक्षरं उमटली. ती अक्षरं धर्मेंद्रचीच होती. काम अकोल्याच्या एका स्टुडिओनं घेतलेलं. शूटिंग आणि एडिटिंग त्यानं केलेलं. लग्नातल्या शूटिंगवाल्याचा चेहरा कोण लक्षात ठेवतं? तिनंही ठेवला नव्हता.

"बाबांनीच नको म्हणलं असंन," प्रियदर्शनी म्हणाली. "ते म्हणतात, म्या तर घ्याले सांगतलं होतं. खोटं बोलतात. सात वर्षं झाले, मी त्यांच्याशी धड बोलली नाही."

धर्मेंद्र नुसतं "हं" म्हणाला आणि पाणी प्यायला उठला.

रविवारी दुपारी त्यानं जुन्या हार्डडिस्क धुंडाळल्या. मूळ फुटेज सापडलं. मांडवात पहिल्याच रांगेत पिवळ्या ड्रेसातली प्रियदर्शनी मेंदीचा थरथरता हात कॅमेऱ्यापुढे धरून हसत होती. मागून तिच्या वडिलांचा, किसनरावांचा आवाज आला. "भाऊ, आमच्या लहानीलेही घ्या बरं. चांगलं घ्या." लगेच त्याचा स्वतःचा आवाज: "हो काका, घेतलं."

घेतलं होतंच. नंतर एडिटिंगला बसून त्यानंच कापलं होतं, कोणी न सांगता.

सोमवारी त्यानं तिला तो तुकडा दिला, आवाज काढून. जुन्या स्टुडिओतून मिळवला, म्हणाला. ती पडद्यावरच्या स्वतःकडे पाहत राहिली, डोळे पुसत राहिली.

"धर्मेंद्रभाऊ, तुमच्यासारखा माणूस नाही पाहला मी."

ते मात्र त्याला सोसवेना. "याला आवाजही आहे," तो म्हणाला आणि मूळ फाइल लावली.

तिनं ती दोनदा ऐकली. मग त्याच्याकडे वळली. "तुमी होते?"

"हो."

"काहून कापलं?"

"वाटलं, बरं दिसणार नाही."

"कोणाले?"

तो लॅपटॉप मिटू लागला. मग ती म्हणाली, "कॅमेरा लावा. त्या खुर्चीवर बसा. आता मले सांगतलं तेच सांगा."

बावीस वर्षांत तो पहिल्यांदाच कॅमेऱ्यासमोर बसला. तीनदा अडखळला, एकदा रडू आलं. "तेवढं काढता येईल?" त्यानं नंतर विचारलं.

"नाही," प्रियदर्शनी म्हणाली.

फिल्म अकोल्यात दाखवली, तेव्हा किसनराव इस्त्रीचा शर्ट घालून पुढच्या रांगेत बसले होते. पडद्यावर त्यांचाच आवाज आला आणि त्यांनी तोंडाला रुमाल लावला. प्रियदर्शनीनं आपला हात त्यांच्या गुडघ्यावर ठेवला. तो थरथरत तिथंच राहिला.

टाळ्या थांबल्यावर धर्मेंद्र त्यांच्याजवळ गेला. "काका, माझं चुकलं."

किसनरावांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. "लेक आता बोलते, भाऊ. काल भाकर वाढली तिनं मले. पण ते सात वर्षं मी कुठून आणू?" रागाचा सूर नव्हता. लेकीचा वॉकर पुढे ओढून ते दाराकडे निघाले.

दारातून प्रियदर्शनीनं मान वळवली. "पुढच्या महिन्यात भातकुलीले दाखवायची आहे. प्रोजेक्टर तुमी आणा."

माफ केलं, असं ती म्हणाली नाही. त्यानंही विचारलं नाही. तो प्रोजेक्टर घेऊन भातकुलीला गेला, नंतर आणखी चार गावांना गेला. दरवेळी वायर जोडून मागच्या भिंतीशी उभा राहतो. स्वतःचा चेहरा पडद्यावर आला की अजूनही त्याची नजर जमिनीला लागते.