टेपवाडीचा उजवा कौल

टेपवाडीच्या नथू गुरवाला आयुष्यात एकदाच हार पडला, आणि त्या हाराची त्याला मरेपर्यंत लाज वाटली. पडला तेव्हा मात्र गडी मान पुढं करून उभा होता, हे खोटं कशाला बोला.

मुळशीचं धरण झालं आणि खालची घरं पाण्यात गेली, तशी माणसं डोंगरावर सरकली. तीस उंबऱ्यांची ती वाडी. वाडीच्या डोक्यावर वाघजाईची राई. राईतलं वाळकं काटूकसुद्धा कुणी उचलायचं नाही. झाड पडलं तर पडल्या जागी कुजायचं. राईच्या पोटातून झरा निघायचा आणि सगळी वाडी बारा महिने त्याच झऱ्यावर जगायची. देवीची पूजा नथूकडं, बापानंतर चालत आलेली.

राईचा कसलाही निर्णय घ्यायचा झाला की कौल लावायचा. गुरवानं चौथऱ्यावर चढायचं, देवीच्या तांदळ्याला, म्हणजे तिच्या शेंदरी शिळेला, पाण्यानं दोन कण्हेरीच्या कळ्या चिकटवायच्या, एक उजवीकडं, एक डावीकडं. मग गाऱ्हाणं घालायचं. उजवी कळी आधी सुटली तर देवीचा होकार, डावी सुटली तर नकार. आणि कळी सुटून गुरव तोंडानं सांगेपर्यंत खाली उभ्या असलेल्या कुणी डोळे उघडायचे नाहीत. पिढ्यान्‌पिढ्या असंच चालत आलेलं. गुरव खोटं सांगेल असं कुणाच्या बापाच्या मनात आलं नव्हतं.

चौपन्न साली कोळसुंद्यांनी नथूची गाभण गाय मारली. कोळसुंदे म्हणजे तांबडी रानकुत्री. राईच्या वरच्या कपारीत त्यांचं बिऱ्हाड होतं. एरवी ती सांबरांच्या मागं असायची, माणसाच्या वाटेला जायची नाहीत. त्या उन्हाळ्यात काय डोकं फिरलं कोण जाणे, वाडीची चार वासरं गेली आणि पाचवी नथूची चांदी. घरात दुभतं तेवढंच. नथूची बायको साळूबाई दोन दिवस चुलीपाशी गेली नाही.

वाडी तापली. विष घालायचं ठरलं, पण कोळसुंदे राईतले, म्हणजे देवीचे. कौल लावल्याशिवाय हात कसा लावायचा?

नथूनं कळ्या चिकटवल्या, गाऱ्हाणं घातलं. सगळ्यांचे डोळे मिटलेले. फार वेळ लागलाच नाही. डावी कळी सुटली.

नथूच्या डोळ्यांपुढं चांदीचं फाडलेलं पोट होतं. त्यानं डावी कळी उचलून कमरेच्या धोतरात खोवली, उजवी नखानं हळूच पाडली आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "उजवा."

झालं. भैरू नावाचा उत्साही गडी पौडाला जाऊन विषाची पुडी घेऊन आला. मेलेल्या वासराला ते विष चोपडलं आणि कपारीखाली टाकलं. विष पोटात गेलं की तहान लागते. तिसऱ्या दिवशी झऱ्याच्या काठावर बारा कोळसुंदे ओळीनं पडलेले सापडले, तोंडं पाण्याकडं करून. त्यांत तीन पिल्लं होती. हैबतराव पाटलांनी झेंडूचा हार आणवला आणि नथूच्या गळ्यात घातला. देवीनं नथूच्या तोंडून न्याय दिला, असं सगळे म्हणाले. नथूनं खाली बघितलं. लोकांना वाटलं, गुरव किती नम्र आहे.

नंतर दोन-चार वर्षं बरी गेली. कोळसुंदे गेले, वासरं निर्धास्त झाली. आणि सांबरं वाढली. आधी पाच-सहा दिसायची, मग पंधरा, मग कुणी मोजायचंच सोडून दिलं. अंधार पडला की ती नाचणीत आणि भातखाचरात उतरायची, उजाडलं की राईत जाऊन बसायची. राईत त्यांना कोण हात लावतोय? शहाणी जात. नथू पूजेला गेला की दहा पावलांवर उभी राहून कान हलवायची. नथूला ती आवडायची. देवीनं आपल्याला माफ केलं, म्हणून एवढी गोजिरवाणी जित्राबं दारात पाठवली, अशी त्यानं मनाची समजूत घालून घेतली होती. माणूस स्वतःला काय काय पटवतो, त्याला काही धरबंध नाही.

त्रेसष्टच्या शिमग्याआधी कातकरी वस्तीवरची पारू त्याला राईच्या वाटेवर भेटली. पारूचं सगळं आयुष्य रानात गेलेलं, कुठल्या झाडाला कधी काय येतं हे तिला तोंडपाठ. ती राईत चारी बाजूंनी बघत उभी होती.

"गुरवदादा, ह्या राईत लेकरू न्हाई," ती म्हणाली.

"म्हंजी?"

"बघा की. समदी म्हातारी झाडं. जांभळाचं रोप दावा मला एक. हिरड्याचं दावा. आंब्याचं दावा."

नथू हसला आणि दाखवायला निघाला. सबंध सकाळ तो राईत फिरला. गुडघ्याएवढं रोप नाही, वीतभर कोंब नाही. जे उगवलं ते सांबरांनी खुडलं होतं. माणसाच्या छातीपर्यंत खोडांच्या साली सोललेल्या. खालची झुडपं गेल्यामुळं उघड्या पडलेल्या मुळांवरून माती वाहून गेली होती. दोन पावसाळे झऱ्याला गढूळ पाणी का येतंय आणि होळीच्या आतच त्याची धार करंगळीएवढी का होतेय, हे त्याला तेव्हा कळलं.

"म्हातारी मेली की राई मेली," पारू म्हणाली. "पूर्वी कोळसुंदे एका जागी बसू देत न्हवते सांबरास्नी. आता बसत्यात आन्‌ खात्यात. इख घालायला कौल कसा दिला, देवी जाणे."

नथूला तिच्याकडं बघवेना. नऊ वर्षं रोज दोनदा तो ह्या राईत येत होता, आणि त्याला हे दिसलं नव्हतं. दिसायला नको होतं म्हणून दिसलं नव्हतं.

पंधरा दिवसांत वाडी पुन्हा चौथऱ्यापुढं जमली. हैबतराव पाटलांना पीक राखायला बंदुकीचा परवाना मिळाला होता. शेतात दोन सांबरं पाडून झाली, पण बाकीची राईत पळाली की सगळे हात चोळत बसायचे. आता राईत शिरून काही नर पाडायचे का, हा कौल लावायचा होता.

नथू चौथऱ्यावर चढला. कळ्या हातात घेतल्या. खाली सगळ्यांनी डोळे मिटले, आणि तो त्या मिटलेल्या डोळ्यांकडं बघत राहिला. केवढा हा भरवसा, आणि आपण त्यावर थुंकलो. खरं सांगावं तर पूजा जाईल, वाडी तोंडात शेण घालेल, साळूबाईला पाणवठ्यावर उभं राहता येणार नाही. न सांगावं तर आजचा कौलही खोटाच, कारण सांगणारं तोंड खोटं.

"डोळं उघडा," तो म्हणाला.

लोक दचकले.

"मला कौल लावायचा हक्क न्हाई. कोळसुंद्यांचा कौल डावा व्हता. मी उजवा म्हनलो. माझी गाय गेली व्हती म्हनून म्हनलो. राई मी मारली. पूजा दुसऱ्या कुणाला द्या." एवढं बोलून तो कळ्या खाली ठेवून चौथऱ्यावरून उतरायला लागला.

भैरूनं तोंड उघडलं, पण आधी बोलले ते हैबतराव.

"वर ऱ्हा, नथू," ते म्हणाले. पाटलांची मान खाली होती, आणि ती तशी वाडीनं कधी बघितली नव्हती. "मी त्या दिवशी डोळं उघडं ठेवलं व्हतं. तू कळी कमरंला खोवलीस ती बघितली मी. माझी बी दोन वासरं गेली व्हती. मला उजवाच पायजे व्हता, म्हनून गप बसलो. आन्‌ वर तुला हार घातला."

मग मागून रत्नाबाई, पाटलांची भावजय, हळूच म्हणाली, "मी बी बघितलं व्हतं." आणखी दोघांनी माना हलवल्या. नऊ वर्षं जो तो एकटाच चोर आहे असं समजून एकमेकांना राम राम घालत होता. नथूला वाटलं होतं, खरं बोललं की ओझं उतरेल. ते उतरलं नाही, उलट सगळ्यांच्या वाट्याला आलं.

शेवटी ठरलं की कौल नथूनंच लावायचा, पण सगळ्यांनी डोळे उघडे ठेवायचे. कळ्या चिकटल्या. बराच वेळ गेला. आणि सगळ्यांच्या देखत उजवी कळी सुटून खाली पडली.

सगळ्यांनी बघितलं, तरी सगळे नथूच्या तोंडाकडं बघत राहिले. गुरवानं सांगितल्याशिवाय कौल पुरा होत नाही. खोटं बोलताना जो शब्द खणखणीत निघाला होता, तो खरा बोलायची वेळ आली तेव्हा निघेना. भैरू म्हणाला, "सांग की, गुरव." तेव्हा कुठं नथू पुटपुटला, "उजवा."

दुसऱ्या दिवशी पहिलं सांबर पडलं. मोठ्या शिंगांचा नर होता, पण उचलताना चौघे हवेत तिथं दोघे पुरले. बरगड्या हातानं मोजता येत होत्या. राईत त्यांनाही खायला उरलं नव्हतं. नथूनं त्याच्या मानेवर हात ठेवला आणि सगळ्यांसमोर रडला. जे काम कोळसुंदे देवीच्या नावानं करत होते, ते आता माणसांना बंदूक घेऊन करावं लागत होतं, आणि दरवर्षी करावं लागणार होतं.

त्यानंतर नथूनं करवंदीच्या काट्यांचा नाद घेतला. राईबाहेरून काटे तोडून आणायचे आणि राईत दिसेल त्या कोंबाभोवती कुडण घालायचं. पारू वाट दाखवायची, हा काटे रोवायचा. हात कायम रक्ताळलेले. सहासष्टच्या पावसाळ्यानंतर कमरेएवढी जांभळं दिसायला लागली. झऱ्याचं पाणीही निवळलं.

एकदा जंगलखात्याचे कुणी साहेब राई बघायला आले. ती कुडणं बघून खूश झाले आणि नथूच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "तुम्ही तर या राईचे खरे राखणदार."

नथूनं त्यांचा हात हळूच बाजूला केला.

"न्हाई, सायेब," तो म्हणाला. "राखणदार बारा व्हते. मी मारले."