पोचल्याचा फोन

हिंगोलीकडच्या आमच्या गोरेगावच्या स्टँडवर जीप भरायची वाट बघत आम्ही तासभर उभे होतो. चौदा माणसं कोंबून झाली तरी ड्रायव्हर म्हणे, "अजून दोन येऊन राहिले." बापूंनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, माझी बॅग टपावर बांधली, गाठ तीनदा ओढून बघितली आणि म्हणाले, "पोचली की फोन कर." आई रडली नाही. ती म्हणाली, "तिकडं नुसता भात खाऊन ऱ्हाऊ नको." पुण्यात नोकरीला निघालेली आमच्या घरातली मी पहिली पोरगी.

मैत्रिणींनो, आमच्या घरची रीत तुम्हाला माहीतच आहे. माणूस वाटेला लावला, की तो पोचल्याची खबर येईस्तोवर लावणाऱ्यानं जेवायचं नाही. आजोबांच्या काळात पत्राला आठ दिवस लागायचे, तेव्हा ते काय करत असतील कोण जाणे. आई म्हणते, दुसऱ्या दिवशी गपचूप जेवायचे. बापूंकडे मात्र मोबाईल, त्यामुळं त्यांना ती सवलत नाही. वर दोन वर्षांपासून शुगर.

मी इथं पुण्यात काय करते, हे आईला अजून सांगता आलेलं नाही. एका कॉम्प्युटरच्या पोटात दुसरा, नुसता सॉफ्टवेअरचा कॉम्प्युटर चालवतात. त्याच्या डिस्कवरच्या फाइली बाहेरून उघडता याव्यात म्हणून आमची टीम तयार कोड लिहून देते, त्याला लायब्ररी म्हणतात. ती सुरू करायला दोन आज्ञा लागायच्या. आधी 'सुरू कर', मग 'तयार होईस्तोवर थांब'. लोक दुसरी हमखास विसरायचे, तयारी व्हायच्या आत डिस्क उघडायला जायचे आणि तोंडावर पडायचे. मी ते थांबणं पहिल्या आज्ञेतच घातलं आणि दुसरी सरळ काढून टाकली. तपासायला टाकलं आणि सुट्टीवर गावाकडं आले. फार शहाणी झाल्यासारखं वाटत होतं.

तेच शहाणपण मी घरात चालवलं. परत निघताना बापूंच्या मोबाईलमध्ये नकाशा लावून दिला. "हा निळा ठिपका म्हणजे मी. हडपसरला थांबला की मी पोचले. फोनची गरजच न्हाई. तुमी टायमावर जेवून घ्या." बापू म्हणाले, "बराबर हाय."

संध्याकाळी मी पुण्यात पोचले आणि मुद्दाम फोन केला नाही. सकाळी आईचा फोन. "तुह्या बापूला काल चक्कर आली व्हती." काल सकाळी शुगरची गोळी घेतली, पोटात काही नाही, दिवसभर मोबाईल धरून ओट्यावर बसले. ठिपका थांबला तरी उठले नाहीत. शेजारणीनं साखरपाणी पाजलं तेव्हा भानावर आले.

मी चिडले. आईला फोन बापूंकडं द्यायला लावला. "बापू, ठिपका पोचला होता ना? मग काहून न्हाई जेवले?"

"ठिपका पोचला व्हता, बाई. तू पोचली का न्हाई, ते त्याच्यात कुठं दिसते?"

ऑफिसच्या जिन्यात बसून मी पोटभर रडले. वर गेले तर आमच्या लीड वर्षा मॅडमनी माझं काम तपासून ठेवलेलं. म्हणाल्या, "छान सोपं केलंस. पण जुनी आज्ञा काढू नकोस. कितीतरी जुन्या प्रोग्राममध्ये ती आहे, ते सगळे बंद पडतील. राहू दे तिला. काही करू नये तिनं, कुणी हाक मारली की 'ठीक' एवढं म्हणावं." मी ती गुमान परत घातली.

बापूंशीही तडजोड केली. हिंगोलीला पोचले की एक फोन, तेव्हा त्यांनी नाष्टा करायचा. जालन्याला दुसरा, तेव्हा जेवायचं. गोळीच्या हिशेबानं मी आता तुकड्यातुकड्यानं पोचते. बापूंना सगळं नकाशात दिसतं, तरी फोन उचलून म्हणतात, "व्हय का? बरं झालं."

गोरेगावातून निघालेल्या माझ्या मैत्रिणींनो, तुम्हालाही विचारत असतील, पुणं घर वाटतं का. मी हा प्रश्न नेहमी टाळला. मला वाटायचं, जिथं कुणी आपल्यासाठी उपाशी बसतं ते घर, आणि ते तर एकच आहे.

मग माझं लग्न झालं, पुण्यातच संसार मांडला. गेल्या महिन्यात बापू आमच्याकडं चार दिवस राहून गेले. त्यांना सकाळच्या गाडीत बसवून मी घरी आले. माझ्या नवऱ्यानं, संदीपनं, दुपारी ताट वाढलं. मी म्हणाले, नंतर. चार वाजता त्यानं परत विचारलं. मी काही ठरवलं नव्हतं, पण घास घेववत नव्हता. दिवसभर मी याच खोल्यांमधून फिरत राहिले, याच खिडकीशी उभी राहिले आणि पहिल्यांदा या घरात मला पाहुण्यासारखं वाटलं नाही.

दिवे लागायच्या वेळेला फोन वाजला. "पोचलो," बापू म्हणाले. मग लगेच, "तू जेवली नसशीन."

"न्हाई," मी म्हणाले.