वाळूला पाच गुण

मी लातूरला गेले ती सूड घ्यायला. मुलीसाठी विद्यापीठ बघायचं होतं हेही खरं, पण ते दुसऱ्या क्रमांकाचं काम होतं.

मुलगी लांब उडी मारते. बारावीच्या वर्षी शालेय स्पर्धांत विभागात पहिली आली आणि उन्हाळ्यात घरी फोन यायला लागले. एक नांदेडच्या कॉलेजचा, एक लातूरजवळच्या छोट्या विद्यापीठाचा. दुसरा फोन आला तेव्हा मी रुग्णालयाच्या औषध भांडारात सलाईनचे खोके मोजत होते. पलीकडच्या माणसानं नाव सांगितलं, क्रीडा संचालक म्हणून ओळख दिली, आणि माझी मोजणी चुकली. फोन ठेवल्यावर मी खोके पुन्हा पहिल्यापासून मोजले. मग ठरवलं की या माणसाला मागे मागे फिरवायचं. रोज फोन घ्यायचा, येतो येतो म्हणायचं आणि प्रवेशाच्या शेवटच्या दिवशी नाही म्हणून सांगायचं. छोट्या विद्यापीठाला एक पदक किती लागतं ते मला माहीत होतं. तपासणी समिती आली की दाखवायला काहीतरी हवं असतं.

कारण सांगते. मी वीस वर्षांची असताना उमरीहून रेल्वेनं नांदेडला कॉलेजला यायचे. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत लांब उडीत पहिली आले. पहिल्या दोघी अखिल भारतीय स्पर्धेला जाणार होत्या आणि संघाचे व्यवस्थापक हेच, आता फोन करणारे सर होते. तेव्हा ते दुसऱ्या एका कॉलेजात शिकवायचे. ते म्हणाले, "फॉर्मवर सही करून दे, बाकीचं मी भरतो." मी कोऱ्या फॉर्मवर सही केली. संघ निघाला तेव्हा यादीत माझं नाव नव्हतं. तिसरी आलेली, त्यांच्याच कॉलेजची मुलगी बॅग घेऊन उभी होती. मी विचारायला गेले. व्हरांड्यात सगळ्या संघासमोर ते म्हणाले, "तुझा फॉर्म मला मिळालाच न्हाई. आन् तुला काय फरक पडतो गं? तुमच्या लोकांना सवलती हायेत. नोकरी लागंलच."

दोघंतिघं हसली.

आमचं घर छप्पन सालापासून बौद्ध. असलं बोलणं ऐकायची सवय होती, पण ते बसमध्ये, किराणा दुकानात. मैदानावर नव्हती. मैदानावर मी पहिली आले होते. वडील म्हणाले, सोड, परीक्षा दे. मी परीक्षा दिली, फार्मसी केली, नोकरी लागली. त्यांचं म्हणणं खरं ठरलं, याचाच मला जास्त राग आहे. त्यानंतर मी एकदाही उडी मारली नाही.

तर, बघायचंच आहे तर नीट बघू, म्हणून मी तक्ता केला. मैदान, वाळू, प्रशिक्षक, वसतिगृहाचं जेवण किती वाजता बंद होतं, मुलींचं स्वच्छतागृह मैदानापासून किती लांब, पाय मुरगळला तर दवाखान्यात कोण नेतं, फॉर्म कोण भरतं. प्रत्येकाला गुण, एकूण शंभर.

नांदेडचं कॉलेज आधी बघितलं. आमच्या अर्धापूरहून जवळ, रोज घरून जाऊन येता आलं असतं. क्रीडा विभागात काचेचं कपाट होतं, त्यात ढाली आणि चषक. मी जवळ जाऊन सालं वाचली. सगळ्यात नवीन चषक माझ्या मुलीपेक्षा वयानं मोठा होता. उडीच्या खड्ड्यात चार शेळ्या बसल्या होत्या. तिथले सर म्हणाले, "हजेरीचं टेन्शन घेऊ नका. फक्त परीक्षेला आन् स्पर्धेला यायचं. प्रॅक्टिस काय, लेकरू घरी बी करंल की."

"घरी केळीची बाग आहे," मी म्हटलं.

"मग झालं की! मऊ माती."

पुढच्या रविवारी आम्ही मायलेकी एस.टी.नं लातूरला निघालो. अहमदपूरला गाडी थांबली तेव्हा मी चहा आणायला उतरले. परत आले तर मुलीच्या मांडीवर माझी वही उघडी होती.

"मम्मी, हे काय लावलंस तू? क्रीडा संचालकाचा विश्वास, तीस गुण. वाळूला पाच?"

"विश्वास महत्त्वाचा असतो."

"मी विश्वासात उडी मारणार हाय का?" तिनं पान उलटलं. "आन् नांदेडला तू या रकान्यात पंचवीस दिलेस. त्या शेळीवाल्या सरांना! इथं आधीच शून्य लिहून ठेवलं. अजून बघितलं बी नाही आपण."

माझी चोरी अशी पकडली गेली. चहाचे कप हातात घेऊन मी तिला सगळं सांगितलं. व्हरांडा, फॉर्म, ते वाक्य. हे मी तिच्या बापालाही पूर्ण सांगितलेलं नव्हतं. तिनं माझ्या हातातला एक कप घेतला. मग म्हणाली, "असं होतं तर एकटी येऊन भांडली असतीस. मला कशाला आणलं?"

तिनं पेन मागितलं, तीसचे दहा केले, वाळूचे पंचवीस केले आणि वही मला परत दिली.

विद्यापीठ गावाबाहेर. तीन इमारती, मागे मैदान. सरांनी आम्हाला आणायला फाटकावर एका मुलीला पाठवलं होतं. तिसऱ्या वर्षाची, मुरुडची, कबड्डी खेळणारी, भरभर चालणारी. मी तिला यादीतले प्रश्न विचारत गेले आणि तिनं घोळ न घालता उत्तरं दिली. मेस साडेआठला बंद होते, पण खेळणाऱ्यांची ताटं झाकून ठेवतात. स्वच्छतागृहाला कडी आहे, पाणी कधी असतं कधी नसतं. मागच्या वर्षी तिचा खांदा निखळला तेव्हा सर स्वतः जीपमधून घेऊन गेले.

मी खड्ड्याजवळ गेले आणि वाळूत हात घातला. मनगटापर्यंत गेला. खडा नाही, काच नाही, ओल सगळीकडे सारखी. उडी घ्यायची फळी रंगवलेली आणि जमिनीशी बरोबर सपाट.

"रोज कोण उकरतं?" मी विचारलं.

"सरच. पहाटे साडेपाचला फावडं घेऊन हजर. आम्हाला म्हणतेत, खड्डा म्हणजे माझं घर हाय, चपला काढून या."

मला ते ऐकून बरं वाटलं नाही. खड्डा घाण असता तर माझं काम सोपं झालं असतं.

तेवढ्यात ते आले. केस पांढरे, गळ्यात शिट्टी, जुन्या नोकरीतून निवृत्त होऊन इथं लागलेले. त्यांनी मला ओळखलं नाही. आडनाव बदललेलं, अंग सुटलेलं. "या मॅडम, या. लेकरू लई गुणी हाय तुमचं. बेटा, मार बरं एक."

तिनं मारली. चांगली होती. तिच्या धावेच्या सुरुवातीला विटेचा तुकडा ठेवला होता, तो सरांनी एक पाऊल मागे सरकवला. "आता मार. फळीकडं बघू नको, त्या निंबाकडं बघ."

दुसरी उडी पहिलीच्या खुणेपुढं जवळजवळ वीतभर पडली. मुलगी वाळूतच बसून राहिली आणि खुणेकडं बघत राहिली. तिच्या तोंडावर जे होतं ते मी ओळखलं, कारण एकदा ते माझ्याही तोंडावर होतं. नांदेडला हे तिला कुणी दिलं नसतं. संपूर्ण दोन जिल्ह्यांत ते या एका माणसाकडं होतं.

मग त्यांच्या खोलीत गेलो. त्यांनी खणातून स्पर्धेचे तीन छापील फॉर्म काढले आणि तिच्यासमोर ठेवले. "बेटा, इथं, इथं आन् इथं सही कर. बाकीचं मी भरतो."

मुलगी पेन हातात घेऊन माझ्याकडं बघायला लागली.

"कोरे आहेत," मी म्हटलं.

"सगळ्यांचेच कोरे असतेत मॅडम. ऐन टायमाला पोरी गावाकडं जातेत. सही कुठून आणायची? म्हणून सुरुवातीलाच घेऊन ठेवतो."

"सर, सव्वीस वर्षांपूर्वी एका मुलीनं तुम्हाला असाच कोरा फॉर्म सही करून दिला होता. लांब उडीत पहिली आली होती. मग तुम्हाला तो मिळालाच नाही."

"कोण मुलगी?"

"मी."

त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. या क्षणाची मी किती वर्षं तयारी केली होती. त्या चेहऱ्यावर काही म्हणजे काही आलं नाही.

"आठवत न्हाई मॅडम. लई पोरी येऊन गेल्या."

ते खोटं बोलत नव्हते. खोटं बोलले असते तर मला चाललं असतं. मी ते व्हरांड्यातलं वाक्य त्यांच्याच शब्दांत, त्यांच्याच चालीवर म्हणून दाखवलं. तुमच्या लोकांना सवलती हायेत. त्यांची नजर दाराकडं गेली. दारात मुरुडची मुलगी उभी होती.

"मी असं कशाला म्हणंन?" ते म्हणाले. आवाज उतरला होता.

"सर," ती मुलगी दारातूनच म्हणाली, "माझे बी फॉर्म द्या की. मी भरते."

"तुला काय झालं आता?"

"काय न्हाई. माझं अक्षर चांगलंय."

ते हसायला गेले, पण कुणी साथ दिली नाही. शेवटी खिशातून किल्ली काढून त्यांनी कपाट उघडलं. रबर लावलेला गठ्ठा होता. मी त्या मुलीला म्हटलं, वसतिगृहात ज्या कोणी असतील त्यांना बोलव. रविवार होता, नऊ जणी आल्या. मी वहीचं एक पान फाडलं, रकाने आखले, नाव, खेळ, परत मिळालेल्या फॉर्मची संख्या, सही. एकेकीनं आपले कागद घेतले आणि सही केली. सर कपाटाजवळ उभे होते. बसा, असं त्यांना कुणी म्हटलं नाही, मीही नाही. शिपायानं आणलेला चहा टेबलावर निवून गेला. यादी झाल्यावर मी त्यांना म्हटलं, उरलेल्या मुलींचे फॉर्म उद्या द्या, आणि ही यादी तुमच्याकडे ठेवा, तुम्हाला विसरायची सवय आहे. मला त्या अर्ध्या तासात फार सुख झालं. ते लपवण्यात अर्थ नाही.

बाहेर आल्यावर मी मुलीला म्हटलं, "चल, तीनची गाडी मिळंल. नांदेडलाच नाव घालू."

ती जागची हलली नाही. "तुझं झालं ना भांडून?"

"झालं."

"मग आता माझं बघ. मी इथं येणार हाय."

"त्या माणसाकडं? ऐकलंस ना काय म्हणाला होता?"

"ऐकलं. वाईटच हाय तो. पण माझी दुसरी उडी कुठं पडली ते बघितलंस का तू? का त्याच्या तोंडाकडंच बघत होतीस?"

मी म्हटलं, तुझा फॉर्म दाबला तर? ती म्हणाली, "माझा मी भरीन, माझी मी ऑफिसात देईन, शिक्का घेईन. मम्मी, तुला त्यानं पाठवलं न्हाई. आता तू मला शेळ्यांच्या खड्ड्यात नेऊन घातलंस तर मी बी कुठं जाणार न्हाई. मग त्यानं दोघींना अडवलं, असं होईल ना?"

तीनची गाडी गेली. आम्ही फाटकासमोरच्या टपरीवर बसून राहिलो. मी तिच्याशी आणखी वाद घातला, पण आतून मला तिचं म्हणणं पटत चाललं होतं, आणि चांगुलपणानं नाही. त्या माणसाला जे जे येतं ते ते त्यानं माझ्या मुलीला द्यायचं, रोज पहाटे तिच्यासाठी वाळू उकरायची, आणि ती कुणाची मुलगी आहे हे माहीत असून उकरायची. शेवटच्या दिवशी नाही म्हणण्यापेक्षा हे पुष्कळ लांबणारं होतं. रात्र लातूरलाच काढून दुसऱ्या दिवशी आम्ही प्रवेश घेतला.

त्यानं कसर केली नाही, हे सांगायला हवं. तिच्याशी कमी बोलतो, पण शिकवतो. हिवाळ्यात ती आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत दुसरी आली. फॉर्म तिनं भरला, तिनंच दिला. आठवड्यानं मला सरांचा फोन आला.

"मॅडम, लेकराचं नाव अखिल भारतीयच्या यादीत हाय."

"कळलं. तिनं सकाळीच यादीचा फोटो पाठवला."

ते म्हणाले, "एक विचारू का? त्या वर्षांची माझी जुनी रजिस्टरं घरी हायेत. दोन दिवस झाले बघायलोय. तुमचं नाव काही सापडंना. माहेरचं आडनाव वेगळं असंल ना?"

"वेगळं आहे."

"काय होतं?"

"तुम्हाला सापडणार नाही सर. तुम्ही लिहिलंच नव्हतं."

त्यांनी फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही. मी विचारलं, संघ कधी निघणार, सोबत बाई व्यवस्थापक आहेत का, मुलींची राहायची सोय वेगळी आहे का. त्यांनी एकेक सांगितलं, मी एकेक लिहून घेतलं.

आडनाव त्यांनी त्यानंतर आणखी दोनदा विचारलं. मी अजून सांगितलेलं नाही.