वेशीचा वरचा दगड

साल २००१. भूकंपानंतर आमची इंजिनिअर कंपनी कच्छमधल्या एका गावाबाहेर तंबू ठोकून होती. सकाळी रोल कॉल, चहा, मग दिवस मावळेपर्यंत ढिगारे. मी हवालदार, राहणार बेलवली, बदलापूर. बायको अजून म्हणते, की मी फौजेत नुसतं पाण्याकडे बघत बसलो. खोटं नाही ते.

जमीन अधूनमधून हलायचीच. म्हणून पडक्या भिंतीजवळ काम असलं की दगडावर मेसटिन, म्हणजे जेवणाचा फौजी डबा, पाण्याने भरून ठेवायचं. पाणी थरथरलं की शिटी, शिटी वाजली की सगळे बाहेर. माझा गुडघा दुखावलेला, म्हणून ही ड्यूटी माझ्याकडे. एवढा मिशीवाला हवालदार, दातात शिटी धरून वाटीभर पाण्यावर पहारा देत होता. डोळ्याची पापणी लवायचीही भीती.

गावाची वेस जुनी, कोरीव दगडांची. कमान तडकलेली आणि आत जायला रस्ता तेवढाच. ऑर्डर आली, डोझर लावून पाडा, ट्रक आत गेले पाहिजेत. पण कमानीखाली गावातले वडीलधारे मामदचाचा खाट टाकून बसलेले. उठेनात.

चाचांची बोली कच्छी, सिंधीच्या जवळची. कॅप्टन साहेबांनी विचारलं, "सिंधी कोणाला येतं?"

सगळी बोटं माझ्याकडे. भरतीआधी मी उल्हासनगरला कापडाच्या दुकानात होतो. माझ्या सिंधीत पँटपीसचा भाव कमी होत असे, वेस पाडता येत नव्हती. चाचांनी थोडा वेळ ऐकून घेतलं आणि माझी दया येऊन हिंदीत बोलले.

"फौजी, सरकार बोलती है, गाव नई जगह बसेगा. बसने दो. मगर ये दरवाजा साथ जाएगा. हमारी हर दुल्हन इसी से अंदर आई है. तोडो मत, उतारो."

नाईक जाधव पुढे झाला. तो चामटोलीचा, म्हणजे माझ्याच बाजूचा.

"सर, लोखंडी पूल खोलतो तसं खोलू. पॅनेलवर नंबर टाकतो, तसे दगडांवर टाकू."

"टाइम?"

"उद्या संध्याकाळपर्यंत, सर."

मी कुजबुजलो, "जाधव, कशाला अंगावर घेतोस?"

"भाऊ, अंबरनाथच्या देवळाला डोझर लावू दिला असता का तुम्ही?"

"बरं. तू दगड बघ, मी पाणी बघतो."

चाचांनी गेरू आणून दिला. जाधवने खालून वर नंबर टाकले. त्याच्या इंग्रजी सातला मधे आडवी रेघ असायची. सर्वांत वरचा दगड सत्तावीस. कमानीला लाकडी टेकू दिले आणि तोच दगड आधी सोडवला. तो दोराने हळूहळू खाली येत असताना वायरलेसवर हेडक्वार्टर बोललं.

"गेट पाडलं का? ओव्हर."

"निगेटिव्ह. उतरवतोय. ओव्हर."

"फरक काय? ओव्हर."

साहेबांनी वायरलेस खाली ठेवला. दगड जमिनीला टेकला. जाधव अजून शिडीवर होता.

पाण्यावर बारीक रेषा उठल्या. मी शिटी वाजवली. सगळे बाहेर पळाले. जाधवला आधी शिडी उतरायची होती. डावी भिंत शिडीसकट त्याच्यावर आली.

साहेबांनी वायरलेस उचलला. "वन फेटल. आउट."

दुसऱ्या दिवशी उरलेले दगड आम्ही उतरवले. डोझर लागला नाही. चाचा दिवसभर उन्हात उभे होते, खाटेवर बसले नाहीत.

पुढे मी पेन्शनवर आलो. गाव नव्या जागी वसल्याचा चाचांचा निरोप आला, तेव्हा जाधवच्या आईला, मावशींना, सोबत घेऊन गेलो. सिमेंटच्या घरांच्या सरळ रांगा आणि पुढे तीच वेस. गावाने बाकीचे नंबर धुऊन काढले होते. वरच्या दगडावर गेरूचा सत्तावीस तसाच ठेवला होता, सातला आडवी रेघ.

मावशींनी चाचांना जय भीम केला. चाचांनी दोन्ही हात जोडले. मग मावशी मान वर करून बराच वेळ बघत राहिल्या.

"भाऊ, तो दगड बसवायला वर कोण चढलं होतं?"

"गावातलीच पोरं, मावशी."

"नीट उतरली ना खाली?"

"उतरली."

"बरं झालं," म्हणाल्या, आणि वेशीच्या सावलीत बसल्या.