वजन न घेणारा रॅक

दुष्काळाच्या त्या वर्षी आमच्या कॉलनीत नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं आणि माझ्या वयाच्या बऱ्याच पुरुषांना सायकलचा नाद लागला होता. दोन्हींचा तसा संबंध नाही. पण छातीवर ‘पाणी वाचवा’ असं छापलेले टी-शर्ट घालून आम्ही सायकली हाणायचो, तेवढा आम्ही लावला होता. आमच्या पहिल्या फेरीला एका माजी नगरसेवकाने हिरवा झेंडा दाखवला. त्यांची गाडी येण्याआधी धूळ उडू नये म्हणून रस्त्यावर टँकरने पाणी मारलं होतं.

शहर इतकं पसरलं होतं की सायकल चालवण्याजोगा रस्ता गाठायलाच मोटारीने तासाभरावर जावं लागे. दर रविवारी आम्ही सायकली मोठ्या गाड्यांत घालून कन्नडला न्यायचो, घाट उतरायचो, धापा टाकत पुन्हा चढायचो आणि गाडीत बसून घरी यायचो.

“यात व्यायाम गाडीलाच जास्त होतोय,” बायको म्हणाली. मागची सीट पाडून सायकल आत कोंबली की चेनचं काळं ग्रीस सीटला लागे, आणि तिचा खरा राग त्यावर होता. म्हणून रॅक घ्यायचा ठरला.

त्याच आठवड्यात आक्काचा फोन आला. आक्का माझी थोरली बहीण, देवगाव रंगारीला दिलेली. दाजींचा गुडघा गेल्यापासून शेत आणि गोठा तीच बघते.

“दर रविवारी कन्नडला येतो म्हणं तू?”

“येतो ना. घाटात सायकल चालवायला.”

“गाडी असून?” ती हसली. मग म्हणाली, “कारखान्याच्या बाजूला उसाचे वाढे मिळत्यात बघ. जनावरं खात्यात. चार पेंढ्या टपावर टाकून आणशील का भाऊ? विहीर आटली. चारा नाय. दोन गायी हायेत, तेवढ्या पावसापस्तोर जगवायच्यात.”

मी “बघतो” म्हणालो.

आधी मी एका वेल्डिंगवाल्याकडे गेलो. त्याने टपाचं माप घेतलं. “साहब, लोहे का कॅरियर बना देता हूँ. पलंग रखो, गेहूँ के कट्टे रखो, समधी को बिठाओ. लोहा शिकायत नहीं करता.” सायकलीही त्यावर आडव्या बांधता आल्या असत्या. मी कॅरियरसकट गाडी डोळ्यांपुढे आणून पाहिली. ती कन्नडच्या बाजाराला जाणाऱ्या जीपसारखी दिसत होती, आणि तसल्या जीपमध्ये मावण्यासाठी मी एवढं शिकलो नव्हतो. हे मी तेव्हा स्वतःलाही सांगितलं नाही. “लोखंड जड पडतं, ॲव्हरेज कमी होतं,” एवढंच म्हणालो.

मग जालना रोडवरच्या दुकानात गेलो. तिथल्या तरुण माणसाने मागच्या दाराला पट्ट्यांनी अडकवायचा रॅक दाखवला. त्याने नंबरप्लेट झाकली जात होती. शेवटी टपावरचा ॲल्युमिनियमचा निघाला. एका हाताने उचलता येण्याइतका हलका, चाकासाठी पन्हाळीसारखी पट्टी आणि दांडी पकडायला चिमटा. लोक अशा वेळी विचारतात, किती वजन घेईल? मी विचारलं, “यावर दुसरं काही ठेवता येणार नाही ना?”

“नाही सर, फक्त सायकल,” तो जरा ओशाळून म्हणाला. मी लगेच घेतला.

त्याच दिवशी आक्काला फोन केला. “नवा रॅक हलका आहे गं. वजन घेत नाही.”

“सायकल घेतो ना?”

“सायकलीपुरताच असतो तो.”

“व्हय का. मंग राहू दे. नवी गाडी, उगं खराब व्हायची.”

मला न सुचलेली सबब तिने स्वतःच पुरवली. मी फोन ठेवला आणि मला चक्क हलकं वाटलं. त्याची आज लाज वाटते.

पुढचे चार रविवार मी कारखान्याच्या रस्त्यावरून गेलो. कडेला वाढ्यांचे ढीग असत. सायकल टपावर गेल्यामुळे मागची सगळी जागा रिकामी झाली होती. तिथे माझं हेल्मेट आणि केळी असत. ती रिकामी जागा मला दिसत नव्हती असं म्हणता येणार नाही. मी आरशातून मागे बघायचं टाळत होतो.

पाचव्या आठवड्यात दाजींनी दुसऱ्याच कामाला फोन केला आणि ठेवता ठेवता म्हणाले, “तांबडी गाय दिली बाजारात. दोघींना पुरंना.”

त्या रविवारी मी घाटात गेलोच नाही. सहा पेंढ्या घेतल्या, मागच्या जागेत रचल्या आणि वाट वाकडी करून देवगावला पोचलो. आक्का गोठ्यातून आली. आधी टपाकडे बघितलं, तिथे सवयीने बांधलेली सायकल होती. मी मागचं दार उघडलं.

“आत बसल्या व्हय?” ती म्हणाली.

“बसल्या.”

“सहाच्या सहा?”

मी मान हलवली. तिने चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

पेंढ्या उतरवायला मी पुढे झालो तर म्हणाली, “तू राहू दे, कपडे खराब होतील,” आणि दोन दोन काखेत मारून नेल्या. एक उकलून गायीपुढे टाकली, बाकीच्या सावलीत ठेवून वर ओलं पोतं घातलं. मग केरसुणी घेऊन आली आणि गाडीची मागची जागा झाडू लागली.

“आक्का, असू दे. मी धुऊन घेईन.”

“पाणी कुठं हाय धुवायला?” ती सहज म्हणाली. सीटच्या फटीत अडकलेली पानं तिने बोटांनी ओढून काढली, चुरा पदरात गोळा केला आणि जाऊन गायीच्या गव्हाणीत झटकला.