चंद्राला पडलेलं भोक

सकाळपासून आभाळ धुऊन वाळत घातल्यासारखं लख्ख होतं. दुकानाला सुट्टी, म्हणून भिंगमास्तर गच्चीत मांडी ठोकून नवी दुर्बीण जोडत बसला होता. भिंगमास्तर हे गल्लीने पाडलेलं नाव. उजव्या डोळ्यात भिंग अडकवून घड्याळांच्या पोटात शिरायचं, हा त्याचा धंदा. खोक्यातून जाडजूड नळी निघाली. बुडाशी खोलगट आरसा, तोंडाशी छोटा तिरका.

थोरला भाऊ पाने-पक्कड पुढे करत होता. धंदा शिकवला त्यानेच. पण त्याच्या उजव्या हाताला कंप सुटला, तेव्हा मास्तरने गिऱ्हाइकांदेखत त्याला आतल्या मेजावरून उठवलं. "पुढे बस, दादा. पट्टे बदल. त्यात घड्याळाचा जीव जात नाही." तेव्हापासून दादा काउंटरवर, आणि दुकान झाडायलाही दादाच.

दुपारी मास्तरने लांबच्या पाण्याच्या टाकीवर नेम धरला. टाकीच्या मधोमध काळपट धब्बा. "ऊन तापलंय," तो स्वतःशीच म्हणाला.

ऊन उतरलं. अर्धा चंद्र डोक्यावर होताच. मास्तरने डोळा लावला आणि कचकचीत शिवी हासडली. काठाचे खड्डे सुईने कोरल्यासारखे, पण जिथे बघावं तिथेच भोक! नळी सरकवली, तर भोकही मागोमाग.

"फसवलं हरामखोरांनी. छोटा आरसा डागाळलेला आहे."

बायकोने डोळा लावला. "अगंबाई, केवढे खड्डे!"

"आणि मधलं भोक?"

"कुठलं भोक?"

"सर बाजूला, तुला काय कळतंय! दादा, तू बघ. हात मागे बांध, नाहीतर चंद्र खाली पाडशील."

दादाने खरंच हात मागे बांधले. बराच वेळ वाकून राहिला.

"अर्धा आहे, पण सलग आहे की. आता तू डाव्या डोळ्याने बघ."

मास्तरने बघितलं. सलग. उजवा लावला. भोक.

दादा खाली जाऊन एक डबी घेऊन आला. त्याच्या हातात ती आपसूक खुळखुळत होती. आत स्क्रू, स्प्रिंगा, मोहरीएवढी चाकं.

"तुझ्या मेजाखालचं आहे. रोज झाडताना वेचतो."

"आणि गप्प बसलास?"

"थरथऱ्याने भिंगमास्तरला काय सांगायचं?"

"डावा आहे अजून माझा. त्यात भिंग लावीन."

"माझाही डावा हात तेव्हा शाबूत होता," दादा म्हणाला. "विचारलं होतंस?"

बायको खोक्यातला कागद गोळा करत राहिली.

दुसऱ्या दिवशी दादाने शटर वर केलं, आतल्या मेजावर फडकं टाकलं आणि काउंटरमागे दुसरं स्टूल मांडलं. पहिल्या गिऱ्हाइकाने घड्याळ समोर ठेवलं. मास्तरचा हात सवयीने भिंगाकडे गेला.

"राहू दे ते," दादा गिऱ्हाइकादेखत म्हणाला. "पट्टा बदल. त्यात घड्याळाचा जीव जात नाही."

मास्तरने तुटका पट्टा उचलला आणि चाचपत चाचपत त्याची पिन काढू लागला.