हवेवर उचललेली गाडी

गाडीवाल्यांनो, आज सुट्टीचा दिवस साधून गाडीखाली शिरणार असाल तर आधी हे वाचा.

आमच्या सेकंडहँड गाडीला एअर सस्पेन्शन आहे, म्हणजे स्प्रिंगऐवजी हवा भरलेले रबरी फुगे. आठवडाभर रोज सकाळी तिचा पुढचा डावा कोपरा खाली बसलेला असायचा. सासूबाईंनी तर नजर काढून चाकाखाली लिंबूसुद्धा ठेवलं.

आज माझा नवरा मंदार याने बटण दाबून गाडी पूर्ण वर घेतली आणि साबणाच्या पाण्याचा तांब्या घेऊन खाली शिरला. बुडबुडे दिसले की गळती सापडते, असं त्याने व्हिडिओत पाहिलं होतं.

मी नारायणगुड्याच्या आमच्या मेकॅनिकना, खादरभाईंना, फोन लावला. मंदार गाडीखाली आहे म्हटल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "जॅक लगाए?"

बटणानेच वर घेतलीय, असं मी सांगितलं.

"मॅडम, पैले उनकू बाहर निकालो!"

मी किंचाळले. मंदार कुरकुरत बाहेर आला, हात पुसायला लागला. तेवढ्यात फुस्स आवाज झाला आणि गाडी धपकन खाली बसली.

तांब्या आतच राहिला होता. तो पार चेपलाय. मंदारने तो डोक्याशेजारी ठेवला होता.

तुमच्या घरी आत्ता गाडीखाली कोण आहे?